'सॅडली' या शब्दातलं दुःख नेमकं कोणाचं?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी नववीत, मराठी माध्यमात. तिच्या इंग्रजीच्या एका उताऱ्यात 'सॅडली' हा शब्द तीनदा आला. पहिलं वाक्य, 'द ओल्ड मॅन लुक्ड सॅडली ॲट द हाउस.' दुसरं, 'सॅडली, द लायब्ररी क्लोज्ड लास्ट यर.' तिसरं, 'द गार्डन वॉज सॅडली निग्लेक्टेड.' शब्दकोशात अर्थ सापडला 'दुःखाने'. मायलेकींनी तो तिन्ही ठिकाणी लावून पाहिला. 'म्हाताऱ्याने दुःखाने घराकडे पाहिलं' हे जमलं. 'दुःखाने ग्रंथालय बंद पडलं' आणि 'बाग दुःखाने दुर्लक्षित होती' ही काही मराठी वाक्यं वाटेनात. शब्दकोश चुकला का, आणि 'अनफॉर्च्युनेटली'पेक्षा हा शब्द कुठे वेगळा पडतो, असं त्यांनी विचारलंय.

शब्दकोश चुकलेला नाही, फक्त त्याने एकाच कामाचा अर्थ दिलाय. हा शब्द तीन कामं करतो. तीस वर्षं मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करत आलेय, पहिली दहा वर्षं एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर आणि नंतर घरून, आणि या शब्दाने मला सुरुवातीलाच एक धडा दिला होता. रात्रपाळीत परदेशी वृत्तसंस्थेची एक छोटी बातमी आली होती. एका बेटावरचं दीपगृह स्वयंचलित झालं आणि तिथल्या शेवटच्या रखवालदाराने 'सॅडली' चाव्या सोपवल्या. मी लिहिलं, 'दुर्दैवाने त्यांनी चाव्या अधिकाऱ्यांकडे सोपवल्या.' आमचे ज्येष्ठ उपसंपादक मजकूर तपासताना त्या शब्दापाशी थांबले आणि म्हणाले, "दुःख कोणाला झालंय? त्यांना, की तुला?" मी म्हटलं, त्यांना. "मग तुझं दुर्दैव मध्ये कशाला?" त्यांनी तिथे 'जड मनाने' लिहिलं आणि पान पुढे गेलं.

तेव्हापासून हा शब्द दिसला की मी आधी हाच प्रश्न विचारते. इंग्रजीला दुःखाचा धनी न सांगता दुःख सांगता येतं. मराठीला ते तितकंसं जमत नाही. आपल्याकडे 'मला वाईट वाटतं', 'तिला दुःख झालं', 'त्यांच्या जिवाला लागलं' असं कोणाला तरी ते वाटावं लागतं. म्हणून 'सॅडली' मराठीत आणताना आधी त्या दुःखाचा माणूस शोधायचा.

पहिल्या वाक्यात तो माणूस समोरच आहे. म्हातारा बघतोय आणि दुःख त्याचंच आहे. इथे 'सॅडली' क्रियापदाला चिकटतो आणि क्रिया कशी झाली ते सांगतो. 'दुःखाने पाहिलं' चूक नाही, पण मला ते कोरडं वाटतं. मराठी माणूस असं बोलत नाही. 'म्हातारा खिन्नपणे घराकडे बघत राहिला' म्हणा, किंवा त्याहून बरं, 'म्हातारा घराकडे नुसता बघत राहिला, डोळे भरून आले होते.' आपली भाषा अशा ठिकाणी क्रियाविशेषणापेक्षा शरीराची मदत जास्त घेते. तोंड पाडून, मान खाली घालून, पडलेल्या चेहऱ्याने, जड पावलांनी. इंग्रजीतली माणसं एकाच 'सॅडली'ने हसतात, मान हलवतात, निघून जातात, नाही म्हणतात. मराठीत या प्रत्येकाचं दुःख वेगळं दिसतं. 'शी स्माइल्ड सॅडली' म्हणजे 'ती उदास हसली' किंवा 'ती केविलवाणं हसली', आणि या दोन बायका अगदी वेगळ्या आहेत. पहिलीला सगळं कळून चुकलंय, दुसरीला अजून तुमच्याकडून काहीतरी हवंय. कोणती निवडायची ते मागच्या-पुढच्या दोन परिच्छेदांवरून ठरतं.

आपल्याकडे या कामासाठी शब्दांची चंगळ आहे, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. जत्रेला न नेलेलं पोर खट्टू होतं किंवा हिरमुसतं, ते विषण्ण होत नाही. विषण्ण व्हायला वय लागतं, आणि बरंच काही हातून गेलेलं असावं लागतं. कष्टी हा शब्द कहाण्यांमधल्या राजाराणीला शोभतो. हताश माणसाच्या दुःखात प्रयत्न हरल्याची भर असते. खिन्नपणाला नेमकं कारण नसलं तरी चालतं. नववीच्या मुलीने हे शब्द घरातल्या माणसांना लावून बघावेत, फरक लगेच कळेल.

'उदास' या शब्दापाशी मात्र जरा थांबायला हवं. 'सॅडली'साठी आज तोच सगळ्यांच्या तोंडी येतो, पण जुन्या मराठीत त्याचा अर्थ निराळा होता. तुकारामांची ओळ आपल्याला पाठ असते, 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी ॥' मी शिकवायला जाते तिथे दर वर्षी कोणीतरी हिचा अर्थ 'पैसा चांगल्या मार्गाने मिळवावा आणि दुःखी मनाने खर्च करावा' असा सांगतं. तुकोबा असं कशाला सांगतील? इथे उदास म्हणजे अलिप्त, आसक्ती न ठेवणारा. उदासीन या शब्दात तो अर्थ आजही शिल्लक आहे. निवडणुकीत मतदार उदासीन असतात तेव्हा ते रडत नसतात. अलिप्ततेपासून हा शब्द हळूहळू दुःखाकडे सरकला.

हे सांगण्याचं कारण असं की इंग्रजीतला 'सॅड'ही असाच लांबून चालत आलाय, आणि त्याची वाट तर आपल्या अधिकच ओळखीची आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता तृप्त, पोट भरलेला. जर्मन भाषेत 'झाट' हा त्याचा भाऊ अजूनही जेवून उठलेल्या माणसासाठीच वापरतात. लॅटिनमधला 'सातिस', म्हणजे पुरेसं, याच कुळातला. 'सॅटिस्फाय' त्याच्यापासून आला आणि 'सॅच्युरेट' त्याच्याच नात्यातला. भरलेलं ते जड, जड ते घट्ट, स्थिर, गंभीर, आणि अखेर चौदाव्या शतकाच्या सुमारास दुःखी, अशा पायऱ्या चढत शब्द आजच्या अर्थाला पोचला. मधल्या पायऱ्या काही कोपऱ्यांत अजून दिसतात. एकोणिसाव्या शतकात चुलीवर तापवायच्या भरीव लोखंडी इस्त्रीला 'सॅड आयर्न' म्हणत. अमेरिकेत मेरी पॉट्स या बाईंनी १८७१ साली तिची मूठ सुटी करून पेटंट घेतलं, म्हणजे तापलेलं लोखंड बदलता येई आणि हात भाजत नसे. त्या इस्त्रीला कसलंही दुःख नव्हतं, ती फक्त जड होती. इंग्लंडच्या उत्तर भागात न फुगलेल्या, गच्च बसलेल्या पावालाही 'सॅड' म्हणत आलेत.

'सॅडली'ही त्याच वाटेने आला. शेक्सपिअरच्या रोमिओला त्याचा भाऊ बेन्व्होलिओ पहिल्याच अंकात म्हणतो, 'सॅडली टेल मी हू.' शब्दकोशातला पहिला अर्थ घातला तर 'दुःखाने सांग, कोण ती' असं होईल. त्याला म्हणायचंय, 'थट्टा पुरे, खरं सांग, कोण ती?' तिथे 'सॅडली' म्हणजे गंभीरपणे, मनापासून.

भरलेपण, जडपण आणि दुःख ही तिन्ही आपल्या भाषेतही शेजारी राहतात. 'पोट भरलं', 'मन भरलं' हे तृप्तीचे शब्द, आणि 'मन भरून आलं', 'ऊर भरून आला', 'गळा दाटला' हे दुःखाचे. 'जड अंतःकरणाने निरोप' आपण रोज लिहितो. म्हणूनच त्या रात्री आमच्या उपसंपादकांच्या हातून 'जड मनाने' उतरलं ते मला आजही मोलाचं वाटतं. त्यांना इंग्रजी शब्दाचा इतिहास ठाऊक असेल-नसेल, मराठी शब्द मात्र त्याच्या मुळाशी जाऊन बसला.

आता दुसरं वाक्य, 'सॅडली, द लायब्ररी क्लोज्ड लास्ट यर.' ग्रंथालयाला दुःख होत नाही. मग कोणाला झालं? सांगणाऱ्याला. इथे शब्द क्रियापदाला न लागता सबंध वाक्याच्या डोक्यावर बसतो आणि सांगणारा त्या बातमीबद्दल काय वाटतं ते आधी कळवतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे स्वल्पविराम. शब्द सुरुवातीला आणि मागे स्वल्पविराम असला की बहुधा दुःख सांगणाऱ्याचं. दुसरी खूण मला जास्त भरवशाची वाटते. त्या जागी 'इट इज सॅड दॅट' घालून वाक्य वाचा. 'इट इज सॅड दॅट द लायब्ररी क्लोज्ड' बरोबर बसतं. म्हाताऱ्याच्या वाक्याला ते लावलंत तर अर्थच पालटतो. म्हाताऱ्याने घराकडे पाहिलं याचंच आपल्याला वाईट वाटल्यासारखं होतं. आणखी एक म्हणजे हा वाक्यभराचा 'सॅडली' प्रश्नात किंवा आज्ञेत सहसा येत नाही. ते आपल्यालाही पटेल, 'दुर्दैवाने दार लाव' असं आपण कुठे म्हणतो?

सबंध वाक्याला लागणाऱ्या अशा शब्दांवरून इंग्रजीत मोठा वाद झाला होता, पण तो 'होपफुली'वरून. आशा वाक्याला कशी वाटेल, असं म्हणत १९६० च्या दशकापासून भाषेचे राखणदार त्या शब्दावर तुटून पडले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने तो वापर २०१२ साली मान्य केला. 'सॅडली' तेच काम निमूट करत होता आणि त्याला फारसं कोणी अडवलं नाही.

मराठीत या जागी बहुतेक अनुवादक डोळे मिटून 'दुर्दैवाने' लिहितात. मीही लिहिते, पण दर वेळी हात थोडा आखडतो. 'सॅडली'त दैव नाही, फक्त वाईट वाटणं आहे. 'दुर्दैवाने' म्हटलं की वाक्यात नशीब शिरतं, आणि नशीब शिरलं की माणसं सुटतात. समजा इंग्रजी वाक्य असं आहे: 'सॅडली, द ब्रिज वॉज नेव्हर रिपेअर्ड.' 'दुर्दैवाने पुलाची दुरुस्ती झालीच नाही' असं लिहिलं तर दुरुस्ती न करणारा दैवच ठरतो. 'वाईट याचं वाटतं की पुलाची दुरुस्ती कोणी केलीच नाही' यात दुःखही आहे आणि 'कोणी' हा माणूसही आहे. बातमीत 'दुर्दैवी मृत्यू' सरसकट छापताना मला कायम हीच टोचणी लागते. झाड अंगावर पडून गेलेला माणूस आणि झाकण नसलेल्या मॅनहोलमध्ये पडून गेलेला माणूस यांना एकच विशेषण लावू नये. ग्रंथालयाच्या वाक्यात मी 'खेदाची गोष्ट म्हणजे, ते ग्रंथालय गेल्या वर्षी बंद झालं' असं लिहीन, आणि घरात सांगायचं असेल तर 'ते ग्रंथालयही गेल्या वर्षी बंद पडलं हो' म्हणेन.

त्या 'हो'कडे लक्ष द्या. बोलण्यातली मराठी सांगणाऱ्याचं दुःख असल्या एवढ्याएवढ्याशा शब्दांवर आणि क्रियापदांवर पेलते. 'सॅडली, ही डाइड'चं 'गेले हो ते' किंवा 'गेला बिचारा' इतकं पुरतं. तो 'बिचारा' म्हणजेच सांगणाऱ्याचा 'सॅडली' आहे. कोणी विचारलं, तिकिटं मिळाली का, आणि इंग्रजी पात्र म्हणालं 'सॅडली, नो', तर मराठीत 'नाही ना!' आणि मला सगळ्यात आवडतं ते 'राहून जाणं'. 'सॅडली, आय नेव्हर मेट हर' या वाक्यावर एका आत्मचरित्राचा अनुवाद करताना मी दोन दिवस अडले होते. 'दुर्दैवाने माझी आणि तिची भेट कधीच झाली नाही' हे बरोबर होतं, पण एखाद्या जबाबासारखं वाटत होतं. मग आईशी फोनवर बोलताना तीच सहज म्हणाली, "मावशीला भेटायचं राहूनच गेलं बघ." वाक्य मिळालं. त्या 'गेलं'मध्ये सगळा 'सॅडली' मावला, वेगळ्या शब्दाची गरजच पडली नाही.

तिसऱ्या वाक्यात, 'द गार्डन वॉज सॅडली निग्लेक्टेड', दुःख शोधायला गेलात तर हाती फार लागणार नाही. बाग दुःखी नाही आणि सांगणाराही फारसा नाही. इथे हा शब्द प्रमाण सांगतो: फार, अगदी, वाईट म्हणावं इतकं. 'बागेची पार आबाळ झाली होती.' या कामात तो बहुधा उणिवेच्या, चुकीच्या, ऱ्हासाच्या शब्दांनाच जोडला जातो. 'सॅडली लॅकिंग' म्हणजे 'वानवा आहे', 'सॅडली मिस्टेकन' म्हणजे 'साफ चुकताय' किंवा 'भ्रमात आहात'. यातला दुसरा बोलण्यात आला तर जपून, कारण 'यू आर सॅडली मिस्टेकन' हे सहानुभूतीने म्हटलेलं नसतं, त्यात दटावणी असते. 'सॅडली फॅमिलिअर' हा मात्र या पंगतीत नीट बसत नाही. तिथे थोडं दुःख शिल्लक आहे: 'ही गोष्ट आता आपल्या सवयीची झाली, हेच वाईट.'

'सॅडली मिस्ड' तर इंग्रजी श्रद्धांजलीतलं ठरलेलं वाक्यच आहे. तिथेही तो प्रमाणच सांगतो, फार आठवण येते असं. आपल्याकडच्या पुण्यस्मरणाच्या जाहिरातींत 'तुमची उणीव पदोपदी जाणवते' असतं, ते याचं नेमकं जोडीदार वाक्य. 'तुमची दुःखाने आठवण येते' असा अनुवाद मी छापलेला पाहिलाय. गेलेल्या माणसाच्या फोटोखाली असलं अवघडलेलं मराठी बघून फार वाईट वाटतं.

आता 'अनफॉर्च्युनेटली'. त्या शब्दात नशीब खरोखरच आहे, म्हणून 'दुर्दैवाने' हा त्याचा हक्काचा अनुवाद. पण वापरून वापरून तो हलका झालाय. गाडी चुकली, जागा शिल्लक नाही, अर्ज नामंजूर झाला, सगळ्याला चालतो. अशा पत्रात मराठीत 'क्षमस्व' किंवा साधं 'आपला अर्ज मंजूर होऊ शकला नाही' पुरे. 'सॅडली'त सांगणाऱ्याचं मन जास्त गुंतलेलं असतं. 'रिग्रेटेबली' संस्थेच्या तोंडी शोभतो, 'खेदाने नमूद करावं लागतं' या चालीवर. त्याचा जुळा 'रिग्रेटफुली' मात्र क्रिया करणाऱ्याच्या खंतीसाठी. या जोडीत इंग्रजीने दोन कामांना दोन शब्द ठेवलेत. 'सॅडली'ला दोन्ही एकट्याने करावी लागतात, आणि म्हणून घोटाळा होतो.

हा फरक किती महत्त्वाचा ठरू शकतो ते मला एका पत्राने दाखवलं. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका बाईंचा मुलगा इंग्लंडमध्ये वारला. तिथल्या डॉक्टरांनी आईला सविस्तर पत्र लिहिलं. काय उपचार केले, शेवटचे दोन दिवस कसे गेले. मधोमध वाक्य होतं, 'सॅडली, ही डिड नॉट रिस्पाँड टु ट्रीटमेंट.' पत्र माझ्याकडे आलं अनुवादासाठी. 'दुर्दैवाने त्याने उपचारांना प्रतिसाद दिला नाही' हे आपल्या बातम्यांतलं तयार वाक्य, हात आपोआप तिकडेच गेला. पण ते वाक्य त्या आईने वाचायचं होतं. 'दुर्दैवाने'ने तिचं नशीब पुढे आलं असतं आणि 'त्याने प्रतिसाद दिला नाही'ने मुलगाच दोषी ठरला असता. इंग्रजीत तर दुःख डॉक्टरांचं होतं. मी लिहिलं, 'सांगताना फार वाईट वाटतं, पण आमचे उपचार त्याला लागू पडले नाहीत.' 'आमचे' हा शब्द मूळ वाक्यात नाही, आणि एरवी मी पदरचा शब्द घालत नाही. तिथे घातला. पत्र लिहिणाऱ्याच्या मनात तोच होता असं मला त्याच्या बाकीच्या चार परिच्छेदांवरून वाटलं, आणि अजूनही वाटतं.

आपल्याकडे मृत्यू कळवणाऱ्या कार्डांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवलाय. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की' असं म्हणून कळवणारा आपलं दुःख आधीच पदरात घेतो, आणि पुढे 'दुःखद निधन झाले' यात विशेषण निधनाला लागतं. 'सॅडली पास्ड अवे' समोर आलं तर त्या घडलेल्या वाक्याला हात लावू नये, ते तसंच वापरावं.

राहता राहिली एक अडचण, मुलीच्या परीक्षेत ती येऊ शकते. 'ही सॅडली लेफ्ट द व्हिलेज.' शब्द मध्येच, स्वल्पविराम नाही, आणि कर्ता जिवंत माणूस. दोन्ही अर्थ लागतात. 'तो जड मनाने गाव सोडून गेला' किंवा 'तो गाव सोडून गेला, याचं वाईट वाटतं.' असं सुटं वाक्य विचारलं तर मी पहिला अर्थ धरीन, कारण दुःख वाटू शकेल असा माणूस वाक्यातच आहे आणि शब्द क्रियापदाला लागून आलाय. पण उताऱ्यात असेल तर मागचं वाक्य वाचायचं. तिथे तो आनंदाने सामान बांधत असेल, नव्या नोकरीची स्वप्नं बघत असेल, तर दुःख गावाचं आहे, आणि अनुवाद होईल, 'अखेर तोही गाव सोडून गेला.'